बेगमपुऱ्यातलं घर आणि तीन सह्या

सतरा वर्षं झाली, आम्ही बेगमपुऱ्यात किरायानं राहतो. शहराचं नाव आता कागदावर छत्रपती संभाजीनगर असं आहे. आमच्या गल्लीत अजून औरंगाबादच म्हणतात आणि रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. मकाई दरवाज्यातून खाम नदी ओलांडून आलं की एका बाजूला बीबी का मकबरा आणि सरळ वर डोंगराच्या पायथ्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. १९५८ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हा शहराबाहेरचा जुना पुरा होता. थत्ते हौद, चार मस्जिदी, काही वाडे आणि बाकी शेतं. आज शेतं औषधालाही उरली नाहीत.

विद्यापीठाच्या शेजारी राहणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. इथलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. बीड, परभणी, जालन्याहून बाप-लेक येतात, हातात एक बॅग, बापाच्या खांद्याला गादीची वळकटी, आणि प्रत्येक दारात विचारतात, "रूम आहे का?" बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा, हनुमान टेकडीचा उतार, सगळीकडे हेच. जिन्याखालच्या जागेलाही इथं किराया येतो. खानावळी, झेरॉक्स, अभ्यासिका, रात्री अकराला चहा देणारी टपरी. परीक्षा संपली की गल्ली ओस पडते आणि कुत्र्यांनासुद्धा चुकल्यासारखं होतं. १४ जानेवारीला नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटकडे जाणारी गर्दी आमच्या दारावरून जाते. त्या दिवशी आम्ही गाडी बाहेर काढत नाही. शेजारच्या खाला पाण्याचा माठ दारात ठेवतात. हे त्या कुणी सांगितलं म्हणून करत नाहीत.

माझी मुलगी या वातावरणात वाढली. पीएच.डी. करणाऱ्या मुली आमच्या वरच्या खोलीत राहायच्या. त्यांच्याकडे बघून तिनं सातवीतच ठरवलं की आपणही 'थिसिस' लिहायचा. कशावर, ते अजून ठरलेलं नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांचे विभाग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. याला किंमत आहे, आणि ती किंमत आता प्लॉटच्या भावात मोजली जाते. म्हणून घर घ्यायचं तर इथंच, हा माझा हट्ट. मिस्टरांचं म्हणणं होतं, पडेगावकडे जाऊ, तेवढ्याच पैशात दुप्पट जागा येईल. आमच्यात यावर बरेच दिवस चाललं. शेवटी मी जिंकले. म्हणजे तेव्हा तरी तसं वाटलं.

आधी आम्ही मोहल्ल्याबाहेर बघितलं. विद्यापीठाच्या पलीकडच्या अंगाला एका सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट होता. फोनवर बोलणं झालं, बाई मनापासून बोलल्या, रविवारी या म्हणाल्या. शेवटी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. थोडा वेळ शांतता, मग, "अय्या, मराठी इतकं छान बोलता, वाटलंच नाही. मी घरी विचारून कळवते." कळवलं नाही. हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही, त्यामुळं लांबवत नाही. एवढंच सांगते की गुजरातमध्ये 'अशांत क्षेत्रा'चा कायदा आहे, तिथं घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. आपल्याकडं तसला कायदा नाही आणि त्याची गरजही पडत नाही. फोन उचलला नाही की काम होतं. सहकारी संस्थांच्या कायद्यात खुल्या सदस्यत्वाचं कलम आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सदस्यत्व नाकारता येत नाही. पण ते कलम आपल्या कामी येतं घर विकत घेतल्यावर. विकणाराच विकत नसेल तर सदस्यत्व मागणार कशाच्या जोरावर?

हे अन्यायाचंच आहे आणि तसंच म्हटलं पाहिजे. पण याच गल्लीत आपलेही घरमालक एकट्या मुलीला खोली देत नाहीत, आणि "जयभीमवाले नकोत" असं हळू आवाजात एजंटाला सांगणारेही मी स्वतःच्या कानांनी ऐकलेत. त्यामुळं दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवताना माझा आवाज थोडा खाली येतो.

असो. मग आम्ही बेगमपुऱ्यातच बघू लागलो. इथं घर घेताना ज्या चार गोष्टी बघाव्या लागतात त्या शिकायला मला अख्खा उन्हाळा गेला. नव्यानं घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

पहिली म्हणजे बाँड. आपल्याकडं निम्मे व्यवहार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून झालेले आहेत. "बाँडवर आहे, पण कब्जा पक्का आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर, करारावर मालकी जात नाही हे २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं. बाँडवर बँक कर्ज देत नाही ते उगाच नाही. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, लाईट बिल तर नाहीच. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा महापालिकेचा कागद बघावा. २००१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. "होईल हो, सगळ्यांचंच होतंय" या आश्वासनाला कागद म्हणत नाहीत.

दुसरी मकबऱ्याची. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढं २०० मीटरपर्यंत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय वीट हलवता येत नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते. आणि एजंट मला सांगत होता, "मॅडम, तीन मजले टाका, वरचे दोन मजले पोरांना द्या, किरायातून हप्ता निघतो." मी खिडकीतून दिसणाऱ्या मिनाराकडं बोट केलं. तो म्हणाला, "ते बघून घेऊ."

तिसरी वक्फची. वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय आपल्याच पाणचक्कीत आहे, इथून चालत पंधरा मिनिटं. एकदा वक्फ झालेली जागा विकता येत नाही, आणि २०१३ च्या दुरुस्तीपासून बेकायदा विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. तरी जागा घेण्याआधी पाणचक्कीच्या पायऱ्या चढून एकदा यादी बघून येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. इतर वेळी वक्फवर आपण सगळे किती तावातावानं बोलतो!

चौथी गोष्ट म्हणजे वारसांची, आणि या लेखाला मी त्याचसाठी बसले आहे.

घर आम्हाला पसंत पडलं होतं. जुनं, मातीच्या भिंतीचं, मागं अंगण, अंगणात सीताफळ. विकणारे दोघे भाऊ. त्यांची अम्मी त्याच घरात राहायची, धाकट्याकडं. मोठा रीतीचा माणूस. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी "आपा, आप तो घर के जैसे हैं". भाव ठरला. इसाराची तारीख ठरली. मी म्हटलं, जुने कागद बघू द्या.

निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी भाषा उर्दू होती, त्यामुळं इथल्या जुन्या मिळकतींचे बैनामे, मुंतखब, सगळं त्याच लिपीत, तेही शिकस्ता वळणात. मोहल्ल्यातले लोक मला कागद वाचायला आणून देतात. वकिलांची मुलं येतात. तारखा फसली सनाच्या असतात. आजूर, दै, बहमन असे महिने, आणि सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. मला या कामाचा एक रुपया मिळत नाही पण मजा येते.

तर त्या घराचा बैनामा फसली १३५१ चा, म्हणजे १९४१-४२ मधला. चतुःसीमा लिहिलेल्या, शुमाल, जुनूब, मशरिक, मगरिब. मगरिबेला ज्या विहिरीचा उल्लेख आहे ती आता एका अभ्यासिकेच्या खाली गेली आहे. आणि विकणाऱ्यांची नावं. पाच जणं. त्यांतली तीन बायका. प्रत्येकीच्या नावाआधी मुसम्मात, प्रत्येकीच्या नावापुढं नवऱ्याचं नाव, आणि खाली तीन अंगठे. शाई फिकी पडली आहे पण बोटांच्या रेषा दिसतात. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी, शाळा न बघितलेल्या, पडद्यातल्या तीन बहिणींना भावांसोबत बसवून, त्यांचा हिस्सा लिहून, अंगठे घेऊन हे घर विकलं गेलं होतं.

मी कागद खाली ठेवला आणि मोठ्याला विचारलं, "तुम्हाला बहिणी किती?"

"तीन हैं. एक जालना में, एक परभणी में, एक यहींच हर्सूल में."

"सही करायला येतील ना?"

तो हसला. "आपा, बहनों का क्या है. उनकू शादी में दे दिये ना. उनो माफ कर दिये."

हे वाक्य आपल्या समाजात इतकं चालतं की ते म्हणताना कुणाची मान खाली जात नाही. म्हणून हिशोब मांडते. वारलेल्या माणसाच्या मागं बायको, दोन मुलगे, तीन मुली. कर्ज, अंत्यविधी वगैरे वजा जाता शरीअतप्रमाणे बायकोला आठवा हिस्सा. उरलेले सात आठवे मुलगा दोन, मुलगी एक या प्रमाणात. दोन मुलग्यांचे चार वाटे आणि तीन मुलींचे तीन, असे सात. म्हणजे घराचे आठ भाग केले तर अम्मीचा एक, प्रत्येक भावाचे दोन-दोन, प्रत्येक बहिणीचा एक. बायकांचे मोजा. चार. अर्धं घर बायकांचं होतं! आणि दोघे भाऊ पूर्ण घराचा भाव माझ्याशी ठरवत होते.

आपल्या कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता नावाची भानगड नाही. माणूस वारला त्या क्षणी प्रत्येकाचा हिस्सा त्याचा त्याचा होतो. भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. 'माफ केलं' म्हणजे काय? रजिस्ट्री ऑफिसात येऊन, समजून, हक्कसोडपत्रावर सही केली असेल तर एक वेळ मानू. ईदला आलेल्या बहिणीला स्वयंपाकघराच्या दारात "तुझं काही मागणं नाही ना" असं विचारलं आणि ती माहेर तुटेल म्हणून गप्प बसली, याला माफी म्हणायचं? मग पुढची पळवाट येते, "अब्बांनी तोंडी हिबा केला होता." तोंडी हिबा आपल्यात मान्य आहे, खरं आहे. पण देणाऱ्यानं जाहीर केलं पाहिजे, घेणाऱ्यानं स्वीकारलं पाहिजे आणि हयातीतच कब्जा दिला पाहिजे. मरेपर्यंत अब्बाच घरपट्टी भरत होते, अब्बाच किरायेदाराकडून पैसे घेत होते, तर हिबा कसला? वसियत म्हणाल तर ती एक तृतीयांशाच्या वर चालत नाही आणि वारसाच्या नावानं इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. प्रत्येक वाट आधीच बंद केलेली आहे. सूरह निसामध्ये हे हिस्से इतक्या बारकाईनं दिले आहेत, नमाजच्या रकातींची संख्यासुद्धा कुरआनात तशी मांडलेली नाही.

आमच्या घरी याच काळात गृहकर्जाच्या व्याजावर चर्चा चालू होती. माझे दीर, त्यांचे मित्र, मस्जिदीतले एक मौलाना, सगळे बसले. राहत्या घरासाठी निरुपायानं कर्ज घेणं चालतं की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि त्या मतभेदांवर आमच्या दिवाणखान्यात चार तास बोलणं झालं. दोनदा चहा झाला. मला निकाल देण्याचा अधिकार नाही. आम्ही पतसंस्थेतून थोडे, दागिन्यांचे थोडे, असं जमवत होतो. पण मी मधेच विचारलं, आणि बहिणींच्या सह्यांचं काय? सगळे म्हणाले, तो तर त्यांचा हक्कच आहे, त्यात काय विचारायचं. आणि पुन्हा व्याजावर बोलू लागले. ज्या गोष्टीवर मतभेद आहेत तिच्यावर आपण रात्र जागवतो आणि जिच्यावर सगळ्या मसलकांचं एकमत आहे ती दोन मिनिटांत उरकतो, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं.

एजंटाला यातलं काहीच अडचणीचं वाटत नव्हतं. त्यानं उलट एक सवलत सुचवली. "मॅडम, रजिस्ट्री तुमच्या एकट्याच्या नावावर करा. बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट आहे." बरोबर सांगत होता; २०२१ पासून महाराष्ट्रात तशी सूट आहे. म्हणजे एक बाई मालक होणार, सरकार तिला शाबासकी देणार, आणि तीन बायका त्याच टेबलावरून खाली ढकलल्या जाणार. मी त्याला हे बोलून दाखवलं नाही. त्यानं सूट सांगितली, त्याचं काम केलं.

मिस्टर म्हणाले, "आपण त्यांच्या घरच्या भानगडीत का पडायचं? वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊ, पंधरा दिवस थांबू, कुणी हरकत घेतली नाही तर पुढं जाऊ." वकीलही तेच सांगत होते. पण परभणीतली बाई इथल्या पेपरातल्या नखाएवढ्या नोटिशीत आपल्या अब्बाच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर शोधत बसणार आहे का? तिला तो नंबर माहीत तरी आहे? जाहीर नोटीस ही घेणाऱ्याच्या मनाच्या समाधानासाठी असते, आणि माझं समाधान होत नव्हतं. शिवाय व्यवहार म्हणूनही ते शहाणपणाचं नाही. बहिणी उद्या उठल्या, त्यांची मुलं उठली, तर वाटणीचा दावा माझ्यावर येणार. सहहिस्सेदाराचा कब्जा साधारणपणे सगळ्या हिस्सेदारांच्या वतीनं धरला जातो, नुसती वर्षं गेली म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. हा मुद्दा मी घरी मांडला तेव्हा सगळ्यांना लगेच पटला. दीनचा मुद्दा पटायला इतका वेळ लागला होता, कोर्टाचा पाच मिनिटांत पटला.

मी मोठ्याला सांगितलं, भाव तोच, पण तिघी बहिणी रजिस्ट्रीला येतील आणि त्यांच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्या त्यांच्या खात्यावर जातील. चेक पाच नव्हे, सहा निघतील. अम्मीचाही. त्यानं ऐकून घेतलं. चहा आला, पण "घर के जैसे" हे शब्द आले नाहीत. आठ दिवसांनी एजंटाचा फोन, की दुसरं गिऱ्हाईक आहे, त्यांना सह्यांची अडचण नाही.

ते दुसरं गिऱ्हाईकही आपल्यातलंच आहे, पाच वक्ताचं नमाजी. हे मुद्दाम सांगते, कारण मला ओळखणारे काही जण म्हणाले, तुम्ही समाजाची बदनामी करता. मला सोसायटीतल्या त्या बाईंनी फ्लॅट नाकारला तेव्हा मी त्याबद्दल लिहावं असं याच लोकांना वाटत होतं. लिहिलं. आता हेही लिहिते. वीतभर जमीन बळकावणाऱ्याची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि आपल्या डोळ्यांसमोर ज्यूंचा, गुंडांचा, बिल्डरांचा चेहरा येतो. बहिणीचा हिस्सा डोळ्यांसमोर येत नाही. आमच्या मस्जिदीतून फळबागेच्या उश्रपासून टखन्याखालच्या पायजम्यापर्यंत सगळ्यावर बयान झालं आहे. वारसाहक्कावर सतरा वर्षांत एक ऐकलं. वरच्या मजल्यावर बायकांच्या बाजूला स्पीकर नीट चालत नाही, कदाचित एखादं सुटलं असेल.

निकाह लावताना काझीसाहेब मेहरचा आकडा मोठ्यानं विचारतात. मय्यत झाल्यावर चाळिसाव्याला दावत होते, बिर्याणीच्या देगी मोजल्या जातात. त्याच दिवशी, सगळी मुलं-मुली जमलेली असतात तेव्हाच, वारसांची यादी करून सिटी सर्व्हेच्या कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज टाकला तर किती घरं वाचतील. बहिणींची नावं मालमत्ता पत्रकावर आली की मग कुठल्याही एजंटाला "सह्यांची अडचण नाही" म्हणता येणार नाही. यासाठी कायदा नवा लागत नाही, मोर्चा लागत नाही. एक अर्ज आणि मृत्यूचा दाखला लागतो.

या जूनमध्ये ते घर पाडलं. मातीच्या भिंती एका दिवसात गेल्या, सीताफळ दुसऱ्या दिवशी. आता तिथं लहान लहान खोल्यांचे खांब उभे राहताहेत, प्रत्येकाला स्वतंत्र बाथरूम, बाहेर 'विद्यार्थ्यांसाठी रूम' अशी पाटी आधीच लागली आहे. मी शाळेतून येताना रोज त्याच्यावरून येते. आम्ही अजून किरायानंच राहतो. मिस्टरांनी पडेगावचा विषय पुन्हा काढला आहे आणि यावेळी माझ्याकडं उत्तर नाही.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. परभणीहून. "बाजी, आप उर्दू के पुराने कागद पढ़ते ना? मेरे अब्बा के घर का एक कागद है, मेरे पास फोटो है. उसमें क्या लिखा है, मेरे को बताते क्या?" मी म्हटलं, पाठवा.